ब्रूएननंतरचे फेडरल बंदूक कायदे: कोणता टिकतो, कोणता कुणापुरता पडतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी डॅलसजवळ राहतो, एच-१बी वर आहे. शिकारीचा परवाना काढून पिस्तूल घ्यायचा विचार आहे. कोलोरॅडोत माझा एक ग्रीन कार्डवाला मित्र आहे, तो अधूनमधून गांजा ओढतो आणि त्याच्याकडे बंदूकही आहे. दोघांनाही लोक सांगतात की सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालानंतर बंदुकीचे फेडरल कायदे एकामागून एक घटनाबाह्य ठरताहेत, आता कुणी विचारत नाही. हे कितपत खरं? आणि कोणता कायदा टिकेल, कोणता पडेल, हे ठरतं कसं?"

व्यावहारिक उत्तर आधी देते. एखाद्या न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवल्याची बातमी म्हणजे तुम्हाला मिळालेली परवानगी नव्हे. असे बहुतेक निकाल एका माणसापुरते असतात, त्या सर्किटच्या, म्हणजे त्या फेडरल अपील न्यायालयाच्या विभागाच्या, बाहेर ते कुणाला बांधत नाहीत, आणि सरकार अपिलात गेलं की उलटतातही. तुमच्यावर खटला झाला तर घटनेचा मुद्दा हा तुमचा बचाव असतो, आणि बचाव मांडायची वेळ आरोप ठेवल्यानंतर येते. मनाई असलेल्या माणसाने बंदूक बाळगली तर कलम ९२२(जी), म्हणजे बंदूक कुणी बाळगू नये हे सांगणारं फेडरल कलम, याखाली कमाल शिक्षा पूर्वी १० वर्षं होती. जून २०२२ च्या कायद्याने ती १५ वर्षं झाली. व्हिसावरच्या माणसाच्या डोक्यावर त्याशिवाय हद्दपारीची टांगती तलवार असते. मी फेडरल न्यायालयांत फौजदारी बचावाचं काम करते. या विषयावरचे अर्ज लिहिणं मला मनापासून आवडतं, पण आपल्या माणसांपैकी कुणावर तो अर्ज दाखल करायची पाळी येऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

आता 'ठरतं कसं' याकडे वळू. बंदुकीच्या कायद्याला घटनात्मक आव्हान म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती येते. फेडरल कायद्याच्या बाबतीत मात्र त्याच्याही आधीचा एक प्रश्न असतो: हा कायदा करायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, होता का? अमेरिकेत गुन्हेगारी रोखण्याचा सर्वसाधारण अधिकार राज्यांकडे आहे. केंद्राकडे घटनेत मोजून दिलेले अधिकार आहेत: कर लावणं, आंतरराज्य व्यापाराचं नियमन करणं, असे. त्यामुळे प्रत्येक फेडरल बंदूक कायद्याला यांतल्या कुठल्या तरी अधिकारावर उभं राहावं लागतं. तो आधारच निसटला तर दुसऱ्या घटनादुरुस्तीपर्यंत जायची गरजही उरत नाही.

१९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट याचं उत्तम उदाहरण. मद्यबंदीच्या काळातली टोळीयुद्धं देशाने पाहिली होती. काँग्रेसला मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांना आवर घालायचा होता, पण सरळ बंदी घालण्याइतका अधिकार आपल्याकडे आहे याची तिला खात्री नव्हती. म्हणून तिने हस्तांतरावर २०० डॉलरचा कर लावला आणि कराच्या जोडीला नोंदणी आणली. त्या काळी २०० डॉलर ही कित्येकदा बंदुकीच्या किमतीहून मोठी रक्कम होती. १९३७ मध्ये सोन्झिन्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्यातला विक्रेत्यांवरचा वार्षिक कर वैध ठरवला. हा कर आहे, त्यातून काही महसूल येतो, यामागे काँग्रेसच्या मनात आणखी काय होतं हे आम्ही खणत बसणार नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

दोन वर्षांनी त्याच कायद्यावर मिलर खटला आला. ओक्लाहोमातून आर्कान्सात आखूड नळीची शॉटगन नेल्याचा दोघांवर आरोप होता. सर्वोच्च न्यायालयात सरकारी वकील हजर होते आणि आरोपींच्या बाजूने कुणीच नव्हतं. मिलर तर निकाल लागण्याआधीच मारला गेला होता. अशा एकतर्फी सुनावणीतून आलेल्या छोट्याशा निकालात न्यायालय म्हणालं की या हत्याराचा घटनादुरुस्तीत उल्लेख असलेल्या नागरी सैन्यदलाशी (मिलिशियाशी) काही वाजवी संबंध असल्याचा पुरावा आमच्यापुढे नाही. जवळजवळ सत्तर वर्षं खालची न्यायालयं दुसऱ्या घटनादुरुस्तीचा अर्थ याच निकालावरून लावत राहिली. इतका महत्त्वाचा हक्क इतक्या अपुऱ्या युक्तिवादावर इतकी वर्षं तोलला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

अधिकाराचा हाच प्रश्न १९९५ मध्ये लोपेझ खटल्यात उसळून वर आला. सॅन अँटोनियोच्या शाळेत बारावीतला मुलगा पिस्तूल घेऊन आला होता. फेडरल कायदा शाळेच्या परिसरात बंदूक बाळगायला मनाई करत होता. सरकार म्हणालं, शाळेत हिंसा झाली की शिक्षण बिघडतं, शिक्षण बिघडलं की अर्थव्यवस्था बिघडते, म्हणून हा आंतरराज्य व्यापाराचा विषय. ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालयाने हे नाकारलं. असा धागा ताणला तर केंद्राच्या कक्षेबाहेर काहीच उरणार नाही. पण पुढे काय झालं ते बघा. १९९६ मध्ये काँग्रेसने कलमात फक्त एवढीच भर घातली की ती बंदूक आंतरराज्य व्यापारातून आलेली असावी. बहुतेक बंदुका कधी ना कधी एखाद्या राज्याची सीमा ओलांडतातच, त्यामुळे कायदा परत उभा राहिला. आरोपपत्रात 'व्यापारातून आलेली किंवा व्यापारावर परिणाम करणारी' असा जो निरुपद्रवी दिसणारा शब्दप्रयोग असतो, त्याच्यावर अख्ख्या फेडरल खटल्याचा डोलारा असतो. सरकारी पक्षाचा साक्षीदार येतो, ही बंदूक अमुक राज्यात बनली आणि अमुक राज्यात सापडली एवढं सांगतो आणि जातो.

१९९७ च्या प्रिंट्झ खटल्याबद्दल थोडक्यात सांगते. ब्रॅडी या फेडरल कायद्याने बंदूक घेणाऱ्या ग्राहकाची पार्श्वभूमी तपासायचं काम तात्पुरतं गावोगावच्या शेरीफांवर टाकलं होतं. माँटानाचे आणि अ‍ॅरिझोनाचे दोन शेरीफ न्यायालयात गेले आणि जिंकले: केंद्राला राज्यांच्या अधिकाऱ्यांना राबवून घेता येत नाही. तपासणी मात्र गेली नाही. १९९८ च्या अखेरीस एफबीआयची संगणकीकृत तपासणी सुरू झाली आणि तीच आज दुकानात चालते.

ही जुनी प्रकरणं सांगण्याचं कारण आज घडतंय. जुलै २०२५ च्या मोठ्या अर्थविषयक कायद्याने सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरचा तो २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. मशीनगनवरचा राहिला. नोंदणीची सक्ती मात्र सगळ्यांवर कायम आहे. मग बंदूक संघटना न्यायालयात गेल्या: जो कायदा ९० वर्षं 'हा कर आहे' म्हणून उभा होता, त्यातला करच काढून टाकलात, तर नोंदणी कशाच्या जोरावर मागता? सरकारला आता व्यापाराच्या अधिकाराकडे वळावं लागतं, आणि तिथे लोपेझ आडवा येतो. वकील म्हणून मला हा सध्याचा सगळ्यात सकस वाद वाटतो. यात 'दुसरी घटनादुरुस्ती' हे शब्द न उच्चारताही जुना कायदा हलू शकतो. तरी पुन्हा सांगते, दावे दाखल झाले म्हणून नोंदणीशिवाय सायलेन्सर घेणं हा आजही गुन्हाच आहे.

आता दुसरी घटनादुरुस्ती. २००८ च्या हेलर निकालाने पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं की शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, केवळ नागरी सैन्यदलातल्या माणसाचा नाही. वॉशिंग्टन डीसीतली घरातल्या हँडगनवरची बंदी ५ विरुद्ध ४ मतांनी गेली. पण न्यायमूर्ती स्कालिया यांनी त्याच निकालात लिहून ठेवलं की गुन्हेगारांना आणि मनोरुग्णांना असलेली मनाई, शाळा आणि सरकारी इमारतींसारख्या संवेदनशील जागांवरचे निर्बंध, विक्रीवरच्या अटी, या सगळ्यांवर आम्ही शंका घेत नाही. गेली अनेक वर्षं फेडरल सरकारी वकिलांचं निम्मं काम त्या एका परिच्छेदाने केलं आहे.

जून २०२२ मध्ये ब्रूएन आला. खटला न्यूयॉर्क राज्याच्या परवाना कायद्याचा होता, पण न्यायमूर्ती थॉमस यांनी घालून दिलेली कसोटी फेडरल कायद्यांनाही लागू झाली. तोवर न्यायालयं सरकारचा हेतू किती महत्त्वाचा आणि उपाय किती नेमका हे तोलून बघत. ब्रूएनने तो तराजूच काढून घेतला. घटनादुरुस्तीच्या मजकुरात तुमचं वर्तन बसत असेल, तर असं नियमन या देशाच्या इतिहासात आणि परंपरेत होतं हे सरकारने दाखवायचं. झालं! जिल्हा न्यायाधीशांच्या टेबलावर १७९१ च्या आसपासचे वसाहतींचे कायदे, इंग्लंडमधले फर्मान, बारूद साठवण्याचे नगरनियम येऊन पडले. पश्चिम व्हर्जिनियातल्या एका न्यायाधीशांनी खोडलेल्या सिरीयल नंबरच्या बंदुकीवरची मनाईसुद्धा त्याच वर्षी घटनाबाह्य ठरवली, कारण अठराव्या शतकात सिरीयल नंबरच नव्हते. चौथ्या सर्किटच्या पूर्ण पीठाने २०२४ मध्ये तो निकाल फिरवला. तुमच्या मित्रमंडळींपर्यंत 'कायदे पडताहेत' ही हवा पोचली ती याच काळातली. पहिली बातमी सगळीकडे फिरते, ती फिरवणारी दुसरी बातमी फारशी फिरत नाही.

या गोंधळाला बांध घातला तो जून २०२४ च्या रहीमी निकालाने. टेक्सासमधल्या या माणसावर जोडीदाराला मारहाण आणि धमकीवरून न्यायालयाचा संरक्षण आदेश होता. अशा आदेशाखाली असलेल्याला बंदूक बाळगायला ९२२(जी)(८) मनाई करतं. पाचव्या सर्किटने ब्रूएन वाचून म्हटलं की देशाच्या स्थापनेच्या काळात घरगुती हिंसाचाराबद्दल कुणाची बंदूक काढून घेतल्याचं दिसत नाही, म्हणून कायदा बाद. सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी हे उलटवलं. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी स्पष्ट केलं की आजच्या कायद्याचा हुबेहूब जुळा भाऊ इतिहासात सापडायला नको. त्यामागचं तत्त्व सापडलं की पुरे. आणि तत्त्व सापडलं ते कशात? जुन्या हमीच्या कायद्यांत. शेजाऱ्याला ज्याची भीती वाटते अशा माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे आणायचं, त्याच्याकडून शांतता राखण्याची हमी आणि जामीनदार घ्यायचा. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडची पोलीस ठाण्यातली 'चॅप्टर केस' हीच गोष्ट आहे. गुन्हा सिद्ध होण्याआधी, धोका दिसतो म्हणून, ठराविक मुदतीपुरतं माणसाला बांधून घेणं. एकटे थॉमस, ज्यांनी ब्रूएन लिहिला होता, ते विरोधात राहिले.

रहीमीतले दोन शब्द मी प्रत्येक अर्जात अधोरेखित करते: 'न्यायालयाने ठरवलेला' धोका, आणि 'तात्पुरती' मनाई. कारण बाकीच्या फेडरल मनाया बघितल्या तर त्यांतल्या बऱ्याच या दोन्ही अटींत बसत नाहीत. त्या ना कुणा एकाचा धोका तपासतात, ना कधी संपतात.

सगळ्यात मोठी मनाई ९२२(जी)(१) ची. एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकेल असा गुन्हा ज्याच्या नावावर सिद्ध झाला, त्याला आयुष्यभर बंदूक नाही. प्रत्यक्ष शिक्षा किती झाली याला महत्त्व नाही. पेनसिल्व्हेनियात ब्रायन रेंज नावाच्या माणसाने १९९५ मध्ये फूड स्टँप (गरिबांसाठीची सरकारी अन्नमदत) मिळवण्यासाठी उत्पन्नाची खोटी माहिती दिल्याचं कबूल केलं. रक्कम २,४५८ डॉलर. शिक्षा प्रोबेशनची, तुरुंगवास नाही. पण त्या गुन्ह्याला तिथे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, म्हणून तो कायमचा यादीत गेला. त्याने बंदूक गुपचूप बाळगली नाही, दिवाणी दावा लावला. तिसऱ्या सर्किटच्या पूर्ण पीठाने २०२३ मध्ये आणि रहीमीनंतर पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, पण त्याच्यापुरता. कायदा जागेवर आहे. न्यू जर्सीही याच सर्किटमध्ये येतं, तेव्हा एडिसनच्या आसपासच्या आपल्या लोकांना हा निकाल जवळचा आहे. पण नवव्या सर्किटने, म्हणजे कॅलिफोर्नियात, दुआर्ते खटल्यात मे २०२५ मध्ये नेमकं उलटं म्हटलं: गुन्हा हिंसक असो वा नसो, मनाई वैध. सहावं सर्किट मधला रस्ता घेतं. मी धोकादायक नाही हे दाखवायची संधी माणसाला मिळाली पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

माझं मत सहाव्या सर्किटच्या जवळ जातं आणि ते मी लपवत नाही. बायकोला मारणाऱ्या माणसाच्या हातातून बंदूक काढून घेणं आणि तीस वर्षांपूर्वी कागदावर खोटं लिहिणाऱ्याच्या हातातून ती मरेपर्यंत काढून घेणं, या दोन गोष्टी एकाच तत्त्वात बसत नाहीत. अशा लोकांसाठी कलम ९२५(सी) खाली हक्क परत मागायची सोय कायद्यात होतीच. पण १९९२ पासून काँग्रेस त्या कामासाठी एटीएफला, म्हणजे बंदुकांचा कारभार पाहणाऱ्या फेडरल यंत्रणेला, पैसेच देत नव्हती, आणि सोय कागदावर पडून राहिली. २०२५ मध्ये न्याय खात्याने ते काम एटीएफकडून काढून स्वतःकडे घेतलं आणि प्रक्रिया पुन्हा सुरू करायला घेतली. ती नीट चालली तर घटनात्मक आव्हानांतली निम्मी अडलेली माणसं न्यायालयाच्या पायऱ्या न चढता सुटतील.

आता तुमच्या मित्राचा प्रश्न. ९२२(जी)(३) नुसार बेकायदा अमली पदार्थाचा वापर करणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही. कोलोरॅडोने गांजा कायदेशीर केला असला तरी फेडरल कायद्यात तो नियंत्रित पदार्थ आहे, आणि बंदूक घेताना दुकानात भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फेडरल फॉर्मवर नेमका हाच इशारा छापलेला असतो. पाचव्या सर्किटने २०२३ मध्ये डॅनियल्स आणि २०२४ मध्ये कॉनेली या खटल्यांत म्हटलं की इतिहासात नशेत असताना बंदूक चालवायला मनाई होती. शुद्धीवर असलेल्या पिणाऱ्याची बंदूक काढून घेण्याची परंपरा दिसत नाही. युक्तिवाद मला पटणारा आहे. सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न ऑक्टोबर २०२५ मध्ये हेमानी खटल्यात सुनावणीसाठी घेतला. पण तुमचा मित्र कोलोरॅडोत आहे, ते दहाव्या सर्किटमध्ये येतं, आणि पाचव्या सर्किटचं म्हणणं तिथल्या न्यायाधीशावर बंधनकारक नाही. शिवाय तो ग्रीन कार्डवर आहे. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला परदेशी नागरिक हद्दपारीला पात्र होतो, मग त्याला इथे येऊन किती वर्षं झाली याचा उपयोग होत नाही. गांजाच्या वापराची कबुली नागरिकत्वाच्या अर्जातही आडवी येते. त्याने दोन्हीपैकी एक सोडावं, आणि कोणतं सोडायचं हे ठरवण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटावं.

वाटेत वयाचा वाद सांगून टाकते, कारण मुलं कॉलेजात असलेले पालक तो विचारतात. परवानाधारक दुकानदाराला २१ वर्षांखालच्या ग्राहकाला हँडगन विकता येत नाही. पाचव्या सर्किटने जानेवारी २०२५ मध्ये १८ ते २० वयोगटासाठी हे घटनाबाह्य ठरवलं. चौथ्याने जूनमध्ये वैध. आणि देशभर एकदम स्थगिती देण्याचा जिल्हा न्यायालयांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने त्याच जूनमध्ये आखडला आहे, त्यामुळे जिंकलेल्या पक्षकारांच्या बाहेर दिलासा पोचेलच असं नाही.

वर्तमानपत्रांत याच सोबत येणाऱ्या दोन निकालांचा घटनेशी संबंध नाही, हेही ध्यानात ठेवा. २०१७ च्या लास व्हेगासच्या हत्याकांडानंतर बंपस्टॉकवर, म्हणजे रायफलीतून झपाट्याने गोळ्या झाडू देणाऱ्या जोडसाधनावर, घातलेली बंदी २०२४ मध्ये कारगिल खटल्यात गेली ती 'मशीनगन' या व्याख्येत ते उपकरण बसत नाही म्हणून. घरी जुळवायच्या, नंबर नसलेल्या बंदुकांवरचा नियम मार्च २०२५ मध्ये व्हॅनडरस्टॉक खटल्यात टिकला तोही कायद्याच्या शब्दांवर. काँग्रेसला वाटलं तर उद्या बंपस्टॉकवर कायदा करता येईल.

आता तुमचा स्वतःचा प्रश्न, आणि इथे मला जास्त काळजी वाटते. ९२२(जी)(५) मध्ये दोन गट आहेत: बेकायदा राहणारे, आणि १९९८ मध्ये भर घातलेले नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेले. एच-१बी, एच-४, एफ-१, आई-वडील येतात तो बी-२, सगळे दुसऱ्या गटात. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत तुम्ही त्यातच. याला ठराविक अपवाद आहेत, आणि त्यांतला सर्वांना ठाऊक असलेला म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना. तो वैध असेल तर फेडरल कायद्याची ही मनाई तुम्हाला लागत नाही. पण परवान्याची मुदत संपली आणि पिस्तूल कपाटात राहिलं, तर त्या दिवसापासून तुम्ही गुन्हा करत असता, नवीन काहीही न करता.

या मनाईला घटनेच्या आधारे आव्हान द्यायचं तर पहिला अडथळा 'लोक' या शब्दाचा. हक्क 'लोकांचा' आहे, आणि हेलरने त्याचा अर्थ राजकीय समुदायाचे सदस्य असा केला. व्हिसावरचा माणूस त्यात येतो का? सातव्या सर्किटने २०१५ मध्ये बेकायदा राहणारेही त्यात येऊ शकतात असं म्हटलं, पण कायदा तरीही वैध ठेवला. पाचव्या सर्किटने, म्हणजे तुमच्या टेक्सासने, ऑगस्ट २०२४ मध्ये बेकायदा राहणाऱ्यांबाबतचं आव्हान फेटाळलं. आणि या खटल्यांत सरकार इतिहास म्हणून काय पुढे करतं? राजनिष्ठेची शपथ न घेणाऱ्यांची, कॅथलिकांची, मूळ रहिवाशांची, गुलामांची शस्त्रं काढून घेणारे कायदे. जे आज कुणी धडधडीत अन्याय म्हणेल, तेच परंपरेचा दाखला म्हणून कागदावर येतं. मला हे दर वेळी खुपतं. आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना मोकळीक दिली. त्या अपमानातून १९३१ च्या कराची ठरावात शस्त्राचा हक्क आला. १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामत यांनी तो संविधानात घालायची दुरुस्ती मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला: वाटेल त्याने बाजारातून वाटेल ते हत्यार आणावं असा हक्क दिला तर राज्यकारभार चालायचा कसा? ती चर्चा वाचताना एक गोष्ट जाणवते. परकीय सत्तेने केलेल्या निःशस्त्रीकरणाचा राग आणि स्वतःच्या राज्यातलं नियमन, या दोन गोष्टी तिथे वेगळ्या केल्या गेल्या. ब्रूएनच्या कसोटीत तसं वेगळं करायला जागा कमी आहे.

आपल्या विद्यार्थ्यांनी २०१९ चा रेहैफ खटला तरी वाचावा. संयुक्त अरब अमिरातीतून शिकायला आलेला मुलगा, गुण कमी पडले म्हणून विद्यापीठाने काढलं, दर्जा संपेल असं कळवलं. तो परत गेला नाही. एक दिवस शूटिंग रेंजवर जाऊन त्याने दोन बंदुका चालवल्या. एवढ्यावर ९२२(जी)(५) चा खटला आणि १८ महिन्यांची शिक्षा. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी म्हटलं की आपण मनाई असलेल्या गटात मोडतो हे आरोपीला ठाऊक होतं, हेही सरकारने सिद्ध केलं पाहिजे. आमच्या कामात हा निकाल रोज वापरात असतो. पण त्यातली दुसरी गोष्ट बघा: रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक काही मिनिटं हातात धरणं हेही बाळगणंच. लास व्हेगासला फिरायला गेल्यावर गंमत म्हणून रेंजवर जाणारे व्हिसावरचे मराठी तरुण मला माहीत आहेत. परवाना खिशात नसेल तर जाऊ नका.

आणि फॉर्मवर खोटं लिहू नका. हा मुद्दा सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असतो. समजा तुमच्यावरची मनाई उद्या घटनाबाह्य ठरली, तरी ४४७३ वर दिलेलं खोटं उत्तर हा वेगळा गुन्हा राहतो. सरकारला हा प्रश्न विचारायचा हक्क नव्हता असं वाटत असेल तर दावा लावा. खोटं बोलून मग प्रश्नाची वैधता काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच सांगून ठेवलं आहे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांचे चिरंजीव हंटर बायडन यांच्यावर २०२४ मध्ये सिद्ध झालेल्या तीन आरोपांपैकी दोन खोट्या माहितीचे होते, बाळगण्याचा एकच. पुढे त्यांना वडिलांकडून माफी मिळाली. तुम्हाला ती मिळणार नाही. नागरिक असलेल्या मित्राच्या नावावर घेण्याची युक्तीही विसरा. २०१४ च्या अब्राम्स्की खटल्यात एका माजी पोलिसाने काकांसाठी सवलतीत पिस्तूल घेतलं, काकांनाही बंदूक घ्यायला काहीच आडकाठी नव्हती, तरी खरा खरेदीदार लपवला म्हणून शिक्षा कायम झाली.

तेव्हा तुम्ही पिस्तूल घेणारच असाल तर शिकारीचा परवाना आधी काढा, त्याची मुदत संपण्याच्या आधीची तारीख कॅलेंडरवर टाका, नूतनीकरणाची पावती जपून ठेवा. नोकरी गेली किंवा एच-१बी ची मुदत संपत आली तर तुम्ही दुसऱ्या गटातून पहिल्या गटात सरकू शकता, आणि तिथे शिकारीचा परवाना उपयोगी पडत नाही. त्याआधीच पिस्तूल परवानाधारक दुकानदाराला रीतसर विकून टाका आणि कागद ठेवा. कायद्याला आव्हान द्यायची खरोखर इच्छा असेल, तर पेनसिल्व्हेनियाच्या ब्रायन रेंजने केलं तसं करा: बंदूक जवळ न बाळगता, दिवाणी दाव्याने.